टेलरकाकांची एकतीस हजार पावलं

"हात पुढे करा," मुलगी म्हणाली.

टेलरकाकांनी हात पुढे केला. चाळीस वर्षं त्यांनी इतरांच्या मनगटांची मापं घेतली होती. स्वतःचं मनगट कुणाच्या ताब्यात द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मुलीने काळा रबरी बँड गुंडाळून शेवटच्या भोकात अडकवला.

"सैल आहे," काका म्हणाले. "अर्धा इंच."

"बँड सैल नाही, बाबा. तुम्ही वाळलात."

"यात वेळ कुठेय?"

"हात वळवा, दिसेल. असा नाही, झटकन."

"वेळ बघायला हात झटकायचा?"

"वेळेसाठी नाहीये तो. तुम्ही किती चाललात, ठोके किती पडले, झोप किती झाली, सगळं मोजतो."

"झोप झाली का नाही ते सकाळी मला कळतं की. त्याला कशाला विचारू?"

मुलीने बँडची पट्टी नीट केली. ती विमा कंपनीत दावे तपासायची. घरात शिरलेलं पाणी नळी फुटून आलं की बादलीने ओतलं, हे ती नुसत्या फोटोवरून सांगायची. लोकांच्या असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे तिला नोकरीने शिकवलं होतं. तिने स्वतःच्या मनगटावरचा तसाच बँड दाखवला. "मीही घेतलाय. दोन्ही फोन जोडून ठेवलेत. मला तिकडे बसून तुमचं दिसेल."

तिकडे म्हणजे बसने चार तासांवर. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत मुलीने एकच विषय लावून धरला होता: बाबांनी दुकान बंद करून तिच्याकडे राहायला यावं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला पायमशीन, दुसऱ्या बाजूला कापायचं लांब टेबल. आई कापायची आणि बाबा शिवायचे. टेबलाखालच्या फळीवर अजून आईने कापून ठेवलेल्या शर्टांच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येक गुंडाळी चिंधीने बांधलेली, वर तिच्या खडूची खूण. मोजून छत्तीस.

"तुम्ही दिवसभर या खुर्चीतून उठत नाही," मुलगी म्हणाली. "मास्तरकाका सांगत होते, बागेत यायचंही बंद केलंय."

"मास्तरला बागेत येणाऱ्यांची हजेरी घ्यायला कुणी सांगितलंय?"

"मी सांगितलंय. आता ऐका. रोज सहा हजार पावलं. महिनाभर. जमलं तर मी विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

"आणि या गुंडाळ्या?"

"ज्यांचं कापड आहे त्यांना परत करू."

"कापलेलं कापड परत करत नसतात," काका म्हणाले. एवढं एकच वाक्य ते जरा जोरात बोलले. मग त्यांनी बँडकडे बघून मान हलवली. सहा हजार म्हणजे किती, याचा त्यांना अंदाज नव्हता.

अंदाज पहिल्याच दिवशी आला. दुकानातून स्वयंपाकघरात जाऊन यायला अठरा पावलं लागतात, असं बँडचं म्हणणं होतं. काका दिवसभरात नऊ वेळा पाणी प्यायले. शेजारच्या वाण्याकडे गरज नसताना दोनदा जाऊन आले. संध्याकाळी आकडा होता आठशे बारा. दुसऱ्या दिवशी ते टेबलाभोवती गोल गोल फिरले, तेव्हा तपकिरी पँट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेलं. आकडा एक हजार चाळीस.

मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. आवाज दमलेला असायचा. "बाबा, एक हजार चाळीस."

"बँड नवीन आहे. अजून हाताला बसला नाही."

"चप्पल नाहीये ती."

पाचव्या दिवशी एका पडद्याला टीप घालताना बँडचा काटा विरविरीत कापडात अडकला आणि सर्रकन एक धागा ओढला गेला. शिवणारा माणूस मनगटात काही घालत नाही. काकांनी लग्नातलं घड्याळसुद्धा कधी घातलं नव्हतं. पण बँड काढायचा नाही, असं मुलीने बजावलं होतं. काकांनी थोडा विचार केला आणि बँड घोट्याच्या वर, पँटच्या आत बांधला. अंगावर राहिला म्हणजे झालं. तिथे तो घट्टही बसत होता. मग ते मशीनवर बसले आणि आईने कापलेली एक गुंडाळी सोडली.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"बाबा, आज कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? दुकानातच होतो."

"दुकानात एकतीस हजार पावलं?"

"काम होतं बरंच."

पलीकडून हसू ऐकू आलं. आधी नाकातून, मग मोकळं. काकांनी फोन कानाला जरा दाबून धरला. आठ महिन्यांत ते हसू त्यांनी ऐकलं नव्हतं. एकतीस हजार कुठून आले, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण हसणाऱ्या माणसाला मध्येच थांबवणं त्यांना बरं वाटलं नाही.

नेहमीचा दावा असता तर मुलीने तो पहिल्या ओळीत फेटाळला असता. पण हा आकडा खरा असावा असं तिला मनापासून वाटत होतं, आणि अशा वेळी तपासनिसाचंही काही चालत नाही. तिने फक्त एक काळजी घेतली. आकड्याचा फोटो कवायत मास्तरांना पाठवला आणि खाली लिहिलं, 'काका, बाबांना एवढं झेपतंय ना? जरा लक्ष ठेवा.'

कवायत मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण शाळा मास्तरांमधून निवृत्त झाली नव्हती. ते पहाटे पाचला बागेतल्या तळ्याभोवती चालायचे, डावा-उजवा तोंडाने म्हणत. त्यांच्या हातात भारीतलं घड्याळ होतं, मुलाने परदेशातून पाठवलेलं. ते पावलं मोजायचं, जिने मोजायचं, श्वास मोजायचं, आणि मास्तर रागावले की 'दीर्घ श्वास घ्या' असा सल्ला द्यायचं. त्यावर ते आणखी रागावायचे. रोजची पावलं आठ हजार दोनशे. गल्लीत यावर कुणी गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानाच्या दारात उभे होते.

"कारागीर, किती वाजता उठतोस?"

"सहाला."

"मी पाचपासून तळ्यावर असतो. तू दिसत नाहीस."

"मी तिकडे येतच नाही."

"मग एकतीस हजार पावलं चालतोस कुठे?"

"इथेच."

मास्तरांनी दुकानाकडे नजर टाकली. दहा बाय बारा. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, तो जुळला नाही. माणूस खोटं बोलेल, पण यंत्र कशाला बोलेल? मग चूक कुठे आहे? त्यांची नजर सावकाश स्वतःच्या मनगटावर आली.

समोरच्या मोबाईलवाल्याने मास्तरांना येताना पाहिलं आणि चेहरा तयार ठेवला. गल्लीत सगळ्यांची मोजणारी यंत्रं तोच विकायचा, त्यामुळे सगळ्यांचे हिशेब चुकले की ते त्याच्याकडे यायचे.

"हे घड्याळ पावलं खातं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, माझ्याकडून घेतलेलं नाहीये ते."

"तरी बघ. टेलरचा साधा रबरी पट्टा एकतीस हजार दाखवतो, आणि माझं एवढं मोठं, आठ. मी काय पाय न हलवता चालतो?"

"आता मी काय सांगू? परवा एक बाई आल्या, म्हणे नवरा नुसता टाळ्या वाजवतो आणि त्याची पावलं वाढतात. त्याआधी एकजण आला, त्याच्या सासूबाई घरात शिरल्या की बँडवर 'ताण वाढला आहे' असं येतं. येईना का, पण सासूबाईंनी ते वाचलं. आता तो म्हणतो, बदलून द्या. म्हटलं काय बदलून देऊ, बँड का सासूबाई?"

"विषयांतर नको."

"नाही करत. घड्याळ मोजतं, मास्तर. चालावं आपल्यालाच लागतं."

हे बोलायला नको होतं. मास्तर घरी गेले आणि त्यांनी घड्याळाच्या कंपनीच्या पानावर, पुऱ्या नावानिशी, एक तारा देऊन अभिप्राय लिहिला. मुद्दे नऊ होते. शेवटचा मुद्दा असा, की एक बैठा टेलर ज्या बँडने जवळजवळ चौपट चालतो, तो बँड प्रामाणिक नागरिकाने का घेऊ नये. ते गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी पाठवलं. आठवडाभरात मोबाईलवाल्याकडचे अकरा बँड गेले. त्याने काचेवर हाताने लिहिलेली पाटी चिकटवली: 'टेलरकाका हाच वापरतात'.

काका रोज सकाळी दुकान उघडताना ती पाटी वाचायचे आणि लाजून आत जायचे. आकडा कधी अठ्ठावीस हजार, कधी तीस. त्यांना खरोखर वाटू लागलं होतं, की आपण आत-बाहेर बरंच करत असू. मुलगी रोज हसायची. गुंडाळ्या छत्तीसवरून एकवीसवर आल्या होत्या.

मग एका मंगळवारी दहा वाजता मशीनची वादी तुटली.

चामड्याची जुनी वादी होती, चाकावरून फटकन सुटून काकांच्या पायाशी पडली. त्यांनी तारेने जोडून बघितली, पुन्हा तुटली. दिवसभर त्यांनी बसून काज-बटणं केली. पाच वाजता फोन.

"बाबा, आज फक्त तीनशे चाळीस."

हातात तुटलेली वादी, कानात तीनशे चाळीस. काकांनी वादीकडे पाहिलं. मग मशीनच्या पायपट्टीकडे पाहिलं. मग घोट्याकडे. बाही उलटी बसलीय हे टेलरला ज्या क्षणी कळतं, तसला तो क्षण होता.

"बाबा? बोला ना. बरं नाहीये का?"

महिना संपायला अकरा दिवस होते. "पाय मुरगळला जरा," काका म्हणाले. चाळीस वर्षांत 'उद्या नक्की देतो' याशिवाय त्यांनी दुसरं खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कुठला पाय? किती? सूज आहे? चालता येतंय?" मुलीचा आवाज दर प्रश्नाला चढत गेला. रोज आठशे चालणारा माणूस तीनशे चाळीस चालला तर कुणी विचारत नाही. तीस हजारवाला तीनशेवर आला की तो जवळजवळ गेलाच. दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरची फिजिओबाई जिना उतरून खाली आली.

"मुलीचा फोन होता," ती म्हणाली. "पाय वर घ्या."

तिने आधी डावा घोटा दाबला, मग उजवा. उजव्या पँटमधला बँड तिच्या हाताला लागला. तिने तो पाहिला. उजवी पोटरी दाबली, डावी दाबली. पुन्हा उजवी.

"काका, तुमच्या पोटऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या आहेत. मांड्यांचं वय सत्तर. चालणाऱ्याचे पाय असे नसतात." तिची नजर मशीनकडे गेली. "रोज किती तास शिवता?"

"पाच-सहा."

"आणि बँड पायात."

"हाताला अडकतो हो. मला आजच कळलं. शप्पथ."

फिजिओबाई खुर्चीत बसली आणि तिने खूप वेळ तोंडावर हात धरून ठेवला. तिच्या बोटात तिसऱ्याच कंपनीची अंगठी होती, तीही पावलं मोजायची. हसून झाल्यावर ती म्हणाली, "सांगून टाका तिला. द्या तुमचा फोन, बघू तरी किती दिवस चाललंय." तिने फोन उघडून पहिल्या दिवसापर्यंत मागे नेला आणि थांबली. "यात दोन माणसं आहेत."

"दुसरं कोण?"

"तुमची मुलगी. जोडलंय ना तिने. तिला तुमचं दिसतं, तसं तुम्हाला तिचं दिसतं. हे वर तुमची पावलं. हे खाली निळं आहे ना, ती तिची झोप."

काकांनी चष्मा लावला. "हे दोन-दहा म्हणजे?"

"दोन तास दहा मिनिटं."

"दुपारची?"

"पूर्ण रात्रीची, काका."

तिने एकेक दिवस पुढे सरकवून दाखवला. दोन तास दहा. एक तास पंचावन्न. दोन चाळीस. काकांनी तिला थांबायला सांगितलं, टेबलावरचं कापड बाजूला केलं आणि खडू घेतला. लाकडावर त्यांनी दोन रकाने पाडले. डावीकडे स्वतःची पावलं, उजवीकडे मुलीची झोप. मापं उतरवून घेतात तशी. आठशे बाराच्या पुढे दोन-दहा. एक हजार चाळीसच्या पुढे एक-पंचावन्न. एकतीस हजारांच्या पुढे पाच तास पन्नास. तिथून खाली सहाच्या आसपासच.

फिजिओबाई टेबलावर वाकली.

"हे असं असतं का?" काकांनी विचारलं. "तुमच्या शास्त्रात?"

"शास्त्राचं सांगता येत नाही. काळजी कमी झाली तर झोप लागते, एवढं खरं." तिने डावा रकाना दाखवला. "पण आकडा खोटा आहे, काका."

"झोप खरी आहे ना?"

काकांनी खडू खाली ठेवला. "मशीनची वादी आत्ता कुठे मिळेल?"

त्या दिवशी ती मिळाली नाही. सकाळी काकांनी निळा आकडा पाहिला. एक तास तीस. नऊ वाजता बाजार उघडला तेव्हा ते दुकानदाराच्या आधी दारात होते. एक वादी बसवायला आणि दोन जास्तीच्या, ठेवणीतल्या. साडेनऊला मशीन सुरू झालं आणि पाचपर्यंत पाणी प्यायलाही थांबलं नाही. 'पाय बरा झाला' असं त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. बत्तीस हजार. फिजिओबाई जाता-येता दारातून आत बघायची आणि म्हणायची, "मी काही पाहिलेलं नाही."

हे असंच महिन्याच्या शेवटापर्यंत गेलं असतं, पण मास्तरांना त्यांचा आठ हजार दोनशेचा आकडा जगू देईना. कुठलं यंत्र खरं, याचा निकाल जाहीरपणे लागला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी आठ, तळ्याभोवती एक पूर्ण फेरी. त्यांचं घड्याळ, फिजिओबाईची अंगठी, टेलरचा बँड. खरी पावलं मास्तर स्वतः तोंडाने मोजणार. मोबाईलवाला साक्षीदार.

"माझा पाय," काका म्हणाले.

"बत्तीस हजार चालणाऱ्याला एक फेरी म्हणजे काय? शास्त्रासाठी चाल. आणि मी प्रमुख पाहुणीला बोलावलंय."

"कुणाला?"

"येईल तेव्हा बघ."

रविवारी तळ्यावर अकरा बँडवाले, चार घड्याळवाले आणि विनाकारण आलेले काही जमले. मास्तरांनी "सावधान" म्हटलं तेव्हा निम्मे सवयीने ताठ झाले. मग फेरी सुरू झाली. पहिल्या बाकापर्यंत काका व्यवस्थित चालले. दुसऱ्या बाकापाशी त्यांनी कॉलरचं बटण काढलं. तिसऱ्या बाकावर ते बसले.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे."

"थांबलास का?"

"जरा दम खातो."

मास्तरांना मोजणी सोडता येत नव्हती. सहाशे चार, सहाशे पाच म्हणत ते तसेच पुढे गेले. फेरी पूर्ण करून आले तेव्हा त्यांचा आकडा होता एक हजार चारशे बारा. घड्याळाचा एक हजार चारशे नऊ. अंगठीचा एक हजार तीनशे अठ्ठ्याण्णव.

"बघा, घड्याळ बरोबर आहे," मोबाईलवाला म्हणाला.

मास्तरांचा चेहरा फुलला. घड्याळ खरं होतं, म्हणजे बारा वर्षांची पावलं खरी होती. मग तो चेहरा हळूहळू मिटत गेला, कारण ते गणिताचाही तास घ्यायचे. "घड्याळ बरोबर असेल," ते म्हणाले, "तर मग एकतीस हजार?"

सगळे तिसऱ्या बाकाकडे वळले. काकांच्या मागे, हातात प्रवासाची पिशवी घेऊन, मुलगी उभी होती. पहाटेच्या बसने आली होती.

"बाबा," त्यांची रिकामी मनगटं बघून ती म्हणाली, ऑफिसमधल्या, अगदी सपाट आवाजात. "पँट जरा वर करा."

काकांनी केली.

"पायात?"

"हाताला अडकतो."

"दुकान उघडा."

मिरवणूक दुकानात आली. काही आत, काही पायरीवर. मुलगी म्हणाली, "रोज जे करता ते करा." काका मशीनवर बसले, पायपट्टीवर पाय ठेवले आणि एका बाहीला टीप घालू लागले. मुलीने स्वतःच्या फोनकडे बघत एक मिनिट जाऊ दिलं.

"एकशे अठरा पावलं," ती म्हणाली.

"बसून," मास्तर म्हणाले. "बसून! मी त्या कंपनीला एक तारा दिला, कारागीर. नऊ मुद्दे लिहिले. पुऱ्या नावानिशी."

"काढता येतं ते, मास्तर," मोबाईलवाला म्हणाला.

"लिहिलेलं काढायचं नसतं. शाळेत मी मुलांना खोडू दिलं नाही कधी." त्यांच्या घड्याळाने 'दीर्घ श्वास घ्या' असं सुचवलं आणि ते तडक बाहेर पडले. पायरीवरचा एक बँडवाला मोबाईलवाल्याला विचारत होता, की बँड परत घेणार का. दुसरा विचारत होता, की पायमशीन मिळेल का. मोबाईलवाला धावतच पाटी काढायला गेला. फिजिओबाई सगळ्यात शेवटी निघाली. निघताना तिने टेबलावर बोट ठेवलं आणि मुलीला म्हणाली, "कापड उचलून बघ. मी काही सांगितलेलं नाही."

मुलीने कापड उचललं. खडूचे दोन रकाने आता टेबलाच्या काठापर्यंत पोचले होते. दावा तपासतात तसे तिने ते तपासले. स्वतःचा फोन काढून तीन तारखा ताडून पाहिल्या. मशीन थांबलेलं होतं.

"खडूने का लिहिलंय?" तिने विचारलं. "कागद नव्हता?"

"पुसायचं होतं नंतर."

"मला विचारायचंत ना. झोप लागते का म्हणून."

"तू काय सांगितलं असतंस?"

मुलीने विचार केला. "छान लागते म्हणून सांगितलं असतं."

"मग."

ती टेबलापाशी स्टुलावर बसली. टेबलाच्या लाकडावर आईच्या कात्रीचे चरे होते, त्यांवरून तिने नखं फिरवली. "ठरल्याप्रमाणे सामान बांधायला हवं," ती म्हणाली, पण आवाज ऑफिसमधला राहिला नव्हता. "किती राहिलेत?"

"बारा."

"आणि ते झाल्यावर?"

"ते झाल्यावर काय, ते मलाही माहीत नाही अजून. पण तिने कापलेत, तेवढे मी शिवणार. परत नाही करणार."

मुलीने फळीवरच्या गुंडाळ्या मोजल्या. सवय. बाराच होत्या. "बारा होईपर्यंत मी विषय काढत नाही," ती म्हणाली. "पण बँड हातात घालायचा, आणि संध्याकाळी तळ्यापर्यंत जायचं. आठशे तर आठशे. खरे."

"आणि तू?"

"मी काय? माझी चारची बस आहे. हातातला शर्ट पुरा करा, बघत बसते."

काकांनी बँड काढून मनगटात घातला, बाही कोपरापर्यंत दुमडली आणि शिवायला लागले. खांदे जोडले, कॉलर लावली. मुलगी आधी हातावर हनुवटी टेकून बघत होती. मग हातावर गाल टेकला. काकांनी दुसरी बाही हातात घेतली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंड लहान मुलासारखं जरा उघडं राहिलं होतं.

बाही झाली. काकांनी पाय थांबवले. मुलगी चुळबुळली, कपाळाला आठी पडली. काकांनी घाईने पायपट्टी हलवली. आठी गेली. त्यांनी पुन्हा थांबवून बघितलं. पुन्हा आठी. दुसरी गुंडाळी काढायची तर फळीपर्यंत उठून जावं लागणार होतं, आणि उठलं की मशीन थांबणार होतं. नुसतंच चालवावं तर दोऱ्याचा गुंता. काकांनी एका हाताने चाक फिरतं ठेवलं, दुसऱ्या हाताने दोरा तोडून सुईतून ओढून काढला, कापड दाबायची पट्टी वर उचलली, आणि दोन्ही पायांनी एकसारखी लय धरली. साडेतीन वाजले. चारची बस गेली. पाच वाजले. मनगटावरच्या बँडला यातलं काहीच कळत नव्हतं.

साडेपाचला मास्तर आले. बहुधा आणखी काही मुद्दे आठवले होते. ते उंबऱ्यात थांबले. टेबलावर डोकं ठेवून झोपलेली मुलगी त्यांच्या लक्षात आली नाही. घामाने भिजलेला टेलर दिसला, आणि रिकाम्या हवेत खाली-वर होणारी सुई.

"कारागीर," ते म्हणाले, "सुईत दोरा नाहीये."

"माहीत आहे," काका म्हणाले. "हळू बोला."